कानशिलातला ठणका आणि दाढा: दाखवायचं कुणाला?

दुधनाकाठ (सेलू)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या धाकट्या जावेचा आहे. वय पस्तीसच्या आसपास. वर्षभरापासून तिचं उजवं कानशील दुखतंय. सकाळी उठल्या उठल्या जबडा जड, गाल आखडलेला, घास मोठा घेतला की कानापुढं कट्‌ असा आवाज. महिन्यातून काही वेळा मात्र दुखणं वेगळंच होतं. अर्धं डोकं उसळतं, उलट्या होतात, उजेड सहन होत नाही, लेकरांचं बोलणंसुद्धा नको वाटतं. दार लावून अंधारात पडून राहते. दुसऱ्या दिवशी उठून परत कामाला लागते.

चष्म्याचा नंबर तपासून झाला. सायनस म्हणून गोळ्या झाल्या. गावातल्या दवाखान्यात सुया झाल्या. अर्धशिशी आहे म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून सूर्य उगवायच्या आधी दूध-जिलेबीही खाऊन झाली. आता एका दाताच्या दवाखान्यात दाखवलं, तर एक्स-रेसुद्धा न काढता "वरच्या उजव्या दोन दाढा काढून टाका, डोकं थांबेल" असं सांगितलं. त्या दाढा तिला दुखत नाहीत. भाकरी त्याच बाजूनं चावते. आणि सासूबाई म्हणतात, वरची दाढ काढली की नजर जाते, त्यामुळं त्या दाढांना हात लावू द्यायला तयार नाहीत.

दातांचा आणि डोकेदुखीचा खरंच संबंध असतो का? जावेचे हाल बघवत नाहीत. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

परतूरकर

असतो ताई, शंभर टक्के असतो. मी भोगलंय. माझा डावा कान आणि त्याच्यावरची बाजू रात्री अशी ठणकायची की गादीवर पाठ टेकवली की उठून बसावं लागायचं. कानाच्या डॉक्टरनी कान साफ आहे म्हणून सांगितलं. शेवटी जालन्याला ओपीजी काढला, तो सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे असतो. खालची अक्कलदाढ आडवी, आणि तिच्या पुढच्या दाढेला आतून कीड. वरून काहीच दिसत नव्हतं. अक्कलदाढ काढली, पुढच्या दाढेचं रूट कॅनॉल केलं, त्याच आठवड्यात कानाचा ठणका गेला. तुम्ही पण काढून टाका, उगं अंगावर काढू नका.

मांजराकाठ (लातूर)

मी दंतवैद्य आहे. परतूरकरांचं दुखणं खरं आणि त्यावरचा उपायही बरोबर. पण तो उपाय तुमच्या जावेला लागू होईलच असं नाही. एक्स-रेशिवाय, दाढ ठोकून न बघता, गार-गरम न लावून बघता चांगली दाढ काढू देऊ नका. दाढ परत येत नाही.

संबंध कसा असतो ते आधी सांगतो, कारण तो कळला की पुढचं सगळं सोपं जातं. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी मोठी चेता म्हणजे ट्रायजेमिनल, मेंदूतून निघणारी पाचवी. तिच्या तीन शाखा. पहिली कपाळ आणि डोळ्याभोवतीची, दुसरी गाल आणि वरच्या दातांची, तिसरी खालच्या जबड्याची, खालच्या दातांची आणि कानापुढच्या भागाची. मेंदूवरच्या आवरणाची दुखण्याची जाणीवसुद्धा बरीचशी हिच्यातूनच जाते, आणि अर्धशिशीत दुखतं ते तिथूनच. या सगळ्या वाटांचा ठणका मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी पोचतो. तीन गावांची माणसं एकाच फाट्यावर एसटीत चढली तर कोण कुठल्या गावचं हे कंडक्टरला कळत नाही, तसं मेंदूचं होतं. म्हणून खालची दाढ सडते आणि कान दुखतो, वरची दाढ सडते आणि कानशील दुखतं. हेच उलटंही घडतं. अर्धशिशी उठते आणि माणूस गाल धरून माझ्याकडे येतो, दाढ दुखतेय म्हणून. दात मात्र ठणठणीत असतात.

दाढेचं दुखणं ओळखायच्या खुणा आहेत. गार पाण्यानं कळ येते आणि पाणी गिळल्यावरही रेंगाळते. आडवं झालं की वाढतं. दाढेवर हलकं ठोकलं की माणूस दचकतो. दुखणं तोंडाची मधली रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला सहसा जात नाही. तडा गेलेली दाढ आणखी फसवी असते. एक्स-रेत तडा बऱ्याचदा दिसत नाही, पण कडक काही चावून दाब सोडला की सणक येते. हुरड्याच्या दिवसांत खडा लागून किंवा सुपारी फोडताना दाढेला तडा गेलेले लोक माझ्याकडे नेहमी येतात. संशय फारच असेल तर त्या दाढेपुरती बधिरतेची सुई देऊन बघता येतं. कानशिलाचं दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं तर दाढेवरचा संशय बळावतो, नाही थांबलं तर दुसरीकडे शोधायचं. दाढ काढण्याआधी हे सगळं व्हायला हवं.

तुमच्या वर्णनातलं सकाळचं जडपण आणि कानापुढचा कट्‌ आवाज मला दाढेपेक्षा जबड्याच्या सांध्याकडे आणि स्नायूंकडे नेतो. त्या झोपेत दात खातात का? गोळ्या किती घेतात? तोंड पूर्ण उघडतं का, म्हणजे त्यांचीच तीन बोटं उभी आत जातात का? एवढं विचारून सांगा.

आणि नजरेचं. बघण्याची चेता वेगळी, मेंदूतून निघणारी दुसरी. दातांच्या चेतेशी तिची गाठ नाही. नीट काढलेल्या दाढेनं नजर जात नाही. सासूबाईंचं म्हणणं या वेळी दाढा वाचवतंय हे चांगलंच आहे, पण उद्या एखादी खरोखर सडकी दाढ या भीतीपायी तोंडात राहिली तर त्रास फार मोठा होईल.

सिंदफणा

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, उजव्या गालात करंट बसल्यासारखी कळ यायची. काही सेकंदांची, पण माणूस जागच्या जागी थिजायचा. दात घासताना, दाढी करताना, मोटारसायकलवर वारं लागलं तरी. दोन कळांच्या मधे काहीच नाही, अगदी चांगले. दाढेचंच आहे म्हणून एकेक करून त्या बाजूच्या तीन दाढा काढल्या गेल्या. कळ तशीच. जेवण सोडलं, बोलणं सोडलं, वजन निम्म्यावर आलं की काय असं वाटायचं आम्हाला.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हे ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया आहे. एमआरआयमधे रक्तवाहिनी चेतेला टेकलेली दिसली. कार्बामाझेपिन सुरू झालं आणि दादा कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. त्या गोळ्या सुरू असताना रक्त तपासावं लागतं, अंगावर पुरळ आलं तर ताबडतोब दाखवायचं, आणि स्वतःच्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, एवढं आम्हाला बजावून सांगितलेलं आहे. पण त्या तीन दाढा चांगल्या होत्या हो. आजही दादा त्या बाजूनं भाकरी चावू शकत नाहीत. ताई, मांजराकाठ सांगतात ते ऐका.

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. जावेला बसवून विचारलं. झोपेत दात खाते, दीर म्हणाले कडकड आवाजानं त्यांची झोप मोडते. तीन बोटं जातात पण उजवीकडं ताण बसतो. गोळ्यांचं मात्र ऐकून मलाच धक्का बसला. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी जवळपास रोज एक, कधी दोन. सकाळी कानशील धरलं की चहाबरोबर गोळी. सासूबाई म्हणतात दात खाते म्हणजे पोटात जंत आहेत, जंताची गोळी द्या.

मांजराकाठ

जंताची गोळी दिल्यानं दात खाणं थांबत नाही. लेकरांमधे झोपेत दात खाणं खूप आढळतं, जंतही आढळतात, म्हणून ही जोडी आपल्याकडे पक्की बसलीय. मोठ्या माणसात ताण, अपुरी झोप, तंबाखू, दारू, झोपेत श्वास अडकणं आणि काही औषधं यांनी ते वाढतं.

जावेला एक करून बघायला सांगा. दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवायची आणि दात आवळायचे. बोटांखाली फुगतो तो चावण्याचा स्नायू. लोक त्याला डोकं समजतात. रात्रभर दात आवळले गेले की सकाळी तोच स्नायू दुखतो आणि आपण म्हणतो डोकं चढलं. गालावर जबड्याच्या कोनापाशी दाबून बघा, तिथंही दुखेल असा माझा अंदाज आहे.

दिवसाचीही सवय असते. शिवण करताना, मोबाईल बघताना, मनात काही घोळत असताना दात एकमेकांवर टेकलेले राहतात. ते टेकायचे फक्त चावताना आणि गिळताना. बाकी वेळ ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी लागलेली. स्वयंपाकघरात डोळ्यांसमोर एखादी खूण लावून ठेवा, दिसली की जबडा सैल सोडायचा. काही आठवडे ऊस, कडक सुपारी, कडक भाकरीचा तुकडा बंद. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरायची. गरम कापडानं शेक.

रात्रीसाठी दातांच्या मापाची पट्टी बनवून मिळते, तिला स्प्लिंट किंवा नाइट गार्ड म्हणतात. तिनं दात झिजायचे वाचतात आणि बऱ्याच जणांचा सकाळचा ताण उतरतो. पण माप घेऊन केलेली हवी, बाजारात मिळणारी तयार रबरी नको. आणि चावा बदलण्यासाठी चांगले दात घासून देणं, सगळ्या दाढांना कॅप बसवणं असं कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका. जबड्याच्या दुखण्यात जे परत फिरवता येत नाही ते आधी करायचं नसतं. नवीन भरलेली दाढ किंवा नवीन कॅप उंच राहिली असेल तर गोष्ट वेगळी. निळा कागद चावायला देऊन उंच जागा सापडते आणि थोडी घासली की झालं.

उलट्या आणि उजेडाच्या त्रासाबद्दल मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. इथं फिजिशियन कुणी असेल तर सांगावं.

लातूरची मेसवाली

आमच्या मेसमधे नीटची तयारी करणारी पोरं जेवतात. डोकं धरून बसलेली पोर नाही असा दिवस जात नाही. डॉक्टरसाहेबांचं वाचलं आणि काल मुद्दाम बघितलं. पुस्तक समोर, पेनाचं टोपण दाताखाली, गालाचा स्नायू फुगलेला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चहा, सकाळचा नाश्ता टाळायचा, आणि मग गोळी. दोघी-तिघींना मी जबडा सैल सोडायचं दाखवलं, तर एक म्हणाली, काकू मला कळलंच नव्हतं मी दात आवळते. आईवडील लांब गावाकडं, त्यांना फोनवर फक्त "डोकं दुखतंय" एवढंच कळतं. अशा पोरांना आधी कुठं दाखवावं?

बालाघाट (अंबाजोगाई)

मी फिजिशियन आहे. मेसवाल्या काकूंना आधी उत्तर देतो. पोरांना आधी जनरल डॉक्टरकडे न्या, दात आणि नजर दोन्ही तपासून घ्या, आणि वेळेवर नाश्ता-झोप एवढं तुमच्या हातात आहे ते करा. त्यानंच निम्मं काम होतं.

आता सेलूच्या ताईंचं. जावेला दोन दुखणी एकत्र आहेत असं दिसतं. रोजचं सकाळचं दुखणं जबड्याच्या स्नायूंचं असू शकतं, ते मांजराकाठ यांनी सांगितलं. उलट्या, उजेड-आवाज नको होणं, एका बाजूला उसळणं, कामानं वाढणं, हे मायग्रेनचं म्हणजे अर्धशिशीचं वर्णन आहे. उपचार न केल्यास झटका 4 ते 72 तास टिकू शकतो. ज्याला सायनस म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात त्यातलं बरंचसं खरं तर मायग्रेन असतं. खऱ्या सायनसमधे नाकातून घट्ट पिवळा स्राव, वास न येणं, वाकल्यावर गालात दाब अशा गोष्टी असतात. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असेल तर मात्र वरची दाढ जरूर तपासा. तिची मुळं सायनसच्या तळाला लागून असतात आणि दाढेचा पू तिथं चढतो.

मला सगळ्यात जास्त काळजी रोजच्या गोळीची वाटते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या झटक्यावरची गोळी) 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर तीच गोळी डोकेदुखी टिकवून धरते. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, दुखलं की गोळी. जठर आणि मूत्रपिंडाचं नुकसान होतं ते वेगळंच. ती सोडताना सुरुवातीला दुखणं वाढतं, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची. वारंवार येणाऱ्या मायग्रेनसाठी रोज घ्यायची, झटके कमी करणारी औषधं वेगळी असतात.

जबडा सैल राहिला की दात खाणं कमी होईल आणि मायग्रेनही संपेल, असं मात्र धरू नका. जबड्याचा ताण मायग्रेनला चेतवतो, मायग्रेन जबडा आवळायला लावतं, पण एकाचा उपचार म्हणजे दुसऱ्याचा उपचार नाही. हिरड्यांचा जुनाट आजार आणि मायग्रेन एकत्र आढळतात असं काही अभ्यासांत दिसलंय. एक दुसऱ्याचं कारण आहे असं त्यावरून ठरत नाही. हिरड्या तशाही सांभाळायच्याच आहेत.

दोन गोष्टी थोडा वेळ घेऊन सांगतो, कारण त्यात उशीर परवडत नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखायला लागलं, तिथं हात लावला तरी दुखतं, आणि चावता चावता जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, तर ती कानशिलातल्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. तिच्यात नजर खरंच जाते, कधी अचानक. त्याच दिवशी दाखवायचं. आणि चढण चढताना किंवा ओझं उचलताना जबड्यात, विशेषतः डाव्या बाजूला, दुखतं आणि थांबलं की थांबतं, तर दाताच्या खुर्चीवर बसायच्या आधी ईसीजी. त्यासोबत घाम, दम, छातीत दाब असेल तर थेट हॉस्पिटल.

किनवटकर

आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, बऱ्याच जणांचे दात पिवळे-तपकिरी. त्यानंही डोकं दुखतं का?

मांजराकाठ

नुसत्या डागांनी डोकं दुखत नाही. पाण्याची तपासणी मात्र करून घ्या. लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर 1.5 ही शेवटची मर्यादा. लहान लेकरांच्या पाण्याकडे सगळ्यात आधी बघा, कारण डाग पक्के दात घडत असतानाच पडतात.

परतूरकर

मी वर काढून टाका म्हणालो होतो, बाकीच्यांचं वाचून म्हणतो की एक्स-रे काढल्याशिवाय नको. आमच्या बाजारात अजून दाढेतला कीडा काढणारे बसतात, रिंगणीच्या बियांची धुरी देतात आणि कापसावर अळी दाखवतात. त्याचं काय?

मांजराकाठ

दाढेत अळी नसते. तोंडातले सूक्ष्म जिवाणू साखरेचं आम्ल करतात, त्या आम्लानं दाढ पोखरली जाते. धुरीनं घटकाभर बरं वाटतं आणि आतली सड चालूच राहते. ताप, गालाला किंवा जबड्याखाली सूज, तोंड उघडेना, गिळता येईना, अशी अवस्था आली तर रात्री असली तरी हॉस्पिटल गाठायचं. दाताचा पू गळ्यात उतरून श्वास अडकू शकतो.

दुधनाकाठ

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, उशीर झाला. जावेला घेऊन संभाजीनगरला घाटीतल्या सरकारी दंत महाविद्यालयात गेलो होतो. तोंडाच्या आजारांच्या विभागात एका मॅडमनी अगदी सावकाश तपासलं. एक्स-रे काढला, दाढा ठोकल्या, गार लावून बघितलं. वरच्या दोन्ही दाढा चांगल्या निघाल्या. दात झिजलेले होते आणि गालाच्या स्नायूवर दाबल्यावर तिनं मॅडमचा हातच धरला. पट्टीचं माप दिलं, व्यायाम लिहून दिले. फिजिशियननी मायग्रेन सांगितलं, रोजची गोळी बंद केली आणि झटके कमी करायची वेगळी गोळी दिली. पहिले काही दिवस फार वाईट गेले, रडायची. कॅलेंडरवर ती दुखण्याच्या दिवसावर खूण करते.

सकाळचं जडपण जवळजवळ गेलंय. झटके अजून येतात, पण कमी, आणि आला की वेळेवर औषध घेतल्यानं लवकर उतरतो. ऊन आणि उपाशी पोट ही तिची दोन कारणं खुणांवरून स्पष्ट दिसली. नवरात्रात ती नऊ दिवस उपवास करायची. या वेळी सासूबाईंनी स्वतःच तिला उठता-बसता करायला सांगितलं आणि त्या दोन दिवशीही दर दोन-तीन तासांनी काहीतरी खायला लावलं.

पूर्णाकाठ (जाफ्राबाद)

वाचत होतो, आता माझं विचारतो. लहान भाऊ सव्वीस वर्षांचा, गुटखा खातो. जेवण झालं की दोन्ही कानशिलं दुखतात म्हणतो. तीन बोटांचं वाचून बघितलं, त्याची दोनसुद्धा नीट जात नाहीत. ठेच्यानं तोंडाची आग होते.

मांजराकाठ

डोकेदुखी बाजूला ठेवा आणि त्याला या आठवड्यातच न्या. सुपारी-गुटख्यानं गालाच्या आत कडक पट्टे तयार होतात, तोंड आखडत जातं, तिखट लागू देत नाही. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आखडलेलं तोंड उघडताना स्नायूंवर जोर येतो म्हणून कानशिलं दुखतात. या आजाराचं पुढं कॅन्सरमधे रूपांतर होऊ शकतं, म्हणून घाई सांगतोय. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात हे मलाही माहीत आहे. नुसती सुपारीही वाईटच, तीही बंद. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दिसते का ते उजेडात बघा.

पूर्णाकाठ

आत्ता टॉर्च लावून बघितलं. डाव्या गालात पांढरट आहे. सोमवारी घाटीत नेतो.

मांजराकाठ

सकाळी लवकर जा, ओपीडीत गर्दी असते. आधीचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्या. तुकडा काढून तपासायचं म्हणाले तर नाही म्हणू नका, त्या तपासणीनं आजार पसरत नाही. काय सांगितलं ते इथं लिहा.